क्रेन कलंडेल की नाही? स्टॅटिक्सचं गणित पायरीपायरीने

क्रेनच्या स्थैर्याचं गणित पहिल्यांदा समोर आलं की बहुतेकांचा हात थेट सूत्राकडे जातो: स्थिर ठेवणारा मोमेंट (बलाची फिरवण्याची ताकद: बल गुणिले बिंदूपासूनचं लंब अंतर) भागिले कलंडवणारा मोमेंट. सूत्र बरोबर आहे, पण मोमेंट कुठल्या बिंदूभोवती घ्यायचा आणि कुठलं वजन कुठल्या बाजूला धरायचं हे त्यात सांगितलेलं नाही. चुका होतात त्या नेमक्या तिथे.

या प्रकारच्या सगळ्या गणितांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. जमीन चाकाला वर ढकलू शकते, खाली ओढून धरू शकत नाही. भार वाढत गेला की एका बाजूच्या चाकावरचा दाब कमी कमी होत शून्यावर येतो. तो शून्य झाला तो क्षण म्हणजे कलंडण्याची सीमा. एवढं डोक्यात पक्कं बसलं की सूत्र पाठ करायची गरज उरत नाही. दर वेळी ते समोरच्या आकृतीतूनच निघतं.

सुरू करण्यापूर्वी हाताशी काय हवं

- क्रेनची आकृती. पुस्तकातली छोटी आकृती पुरत नाही. कागदावर प्रमाणात मोठी काढून घ्या.
- प्रत्येक भागाचं वजन आणि त्याच्या गुरुत्वमध्याची जागा: खालचा सांगाडा, फिरणारा वरचा भाग, बूम (भार उचलणारा लांब हात), काउंटरवेट (मागचं तोल सांभाळणारं वजन).
- उचलायचा भार. हुक ब्लॉक (पुलीसकट हुक) आणि स्लिंग (भार बांधायचे पट्टे) यांची वजनं वेगळी दिली असतील तर ती भारातच मिळवायची.
- आधार नेमके कुठे टेकतात: चाकं, क्रॉलरचे (रणगाड्यासारखे) पट्टे की आउटरिगरच्या (बाजूला पसरणाऱ्या आधारपायांच्या) पाट्या.
- बूम तिरका असेल तर त्याची लांबी, आडव्या रेषेशी कोन आणि बुडाच्या पिनची जागा.
- डिग्री मोडवर ठेवलेला कॅल्क्युलेटर.

एककांचं आधीच ठरवून टाका. १ टन वस्तुमानाचं वजन ९.८१ किलोन्यूटन असतं. सगळी वजनं टनात असतील आणि फक्त मोमेंटची तुलना करायची असेल तर टन-मीटरमध्येही उत्तर बरोबर येतं, कारण ९.८१ दोन्ही बाजूंनी कटतं. पण वाऱ्याचं बल किलोन्यूटनमध्ये आणि बाकीचं टनात दिलं असेल, तर पहिल्याच ओळीत सगळं किलोन्यूटनमध्ये आणा. या लेखात बलं किलोन्यूटनमध्ये आणि अंतरं मीटरमध्ये आहेत. आकडेमोडीत दर वेळी एकक लिहिलेलं नाही.

१. कलंडण्याची कड ठरवा

आकडेमोडीला हात लावण्याआधी स्वतःला विचारा: ही क्रेन पडलीच तर कुठल्या कडेवरून फिरेल? भार उजवीकडे असेल तर उजव्या चाकावरून. भार काढून घेतला आणि मागचं काउंटरवेट जड असलं तर डाव्या चाकावरून, उलट दिशेला. म्हणजे एकाच गणितात दोन कडा असू शकतात आणि प्रत्येक कडेसाठी वेगळं समीकरण मांडावं लागतं. रिकामी क्रेन मागे कलंडू शकते हे बरेच जण विसरतात आणि अर्धंच उत्तर लिहून मोकळे होतात.

मोमेंट त्या कडेभोवतीच घ्यायचे. तसं घेतलं की जमीन ज्या बलाने चाकाला वर ढकलते ती त्या चाकावरची रिअ‍ॅक्शन कडेतूनच जाते आणि तिचा मोमेंट शून्य होतो. दुसऱ्या चाकावरची रिअ‍ॅक्शन सीमेवर आपोआप शून्य असते. उरतात फक्त वजनं.

२. फ्री बॉडी डायग्राम काढा, पण पूर्ण क्रेनचा

क्रेन आणि लटकलेला भार हे सगळं मिळून एक वस्तू धरा आणि तिच्यावर बाहेरून येणारी बलंच दाखवा: वजनं, चाकांवरच्या रिअ‍ॅक्शन आणि असेल तर वारा.

इथला सर्वांत मोठा सापळा म्हणजे दोर. भार दोराला लटकतो, दोर बूमच्या टोकाच्या पुलीवरून विंचकडे (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राकडे) येतो, म्हणून नवखा विद्यार्थी पुलीवर दोराचा ताण दाखवतो, पुन्हा विंचवर दाखवतो आणि शिवाय भाराचं वजनही दाखवतो. पण विंच क्रेनवरच बसवलेला आहे. दोराचे हे सगळे ताण आतल्या आत एकमेकांशी कटतात. बाहेरून दिसतं ते फक्त भाराचं वजन, हुकातून सरळ खाली. दोराचा ताण हवा असतो तो बूममधलं बल किंवा पिनवरची रिअ‍ॅक्शन काढताना. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी बूमचा वेगळा डायग्राम काढायचा.

३. अंतरं कडेपासून मोजा

आकृतीत अंतरं बहुधा मध्यरेषेपासून किंवा क्रेन ज्या अक्षाभोवती फिरते त्या अक्षापासून दिलेली असतात. प्रत्यक्ष क्रेनच्या लोड चार्टमध्येही (कुठल्या अंतरावर किती भार चालतो त्याच्या तक्त्यात) 'रेडियस' म्हणजे फिरण्याच्या अक्षापासून हुकापर्यंतचं आडवं अंतर. आपल्याला हवं ते कडेपासूनचं. म्हणून एक छोटा तक्ता करा: भाग, त्याचं वजन, उजव्या कडेपासून अंतर, डाव्या कडेपासून अंतर. प्रत्येक अंतरापुढे 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' लिहा. हा तक्ता म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो, पण चिन्हांच्या बहुतेक चुका त्यातच पकडल्या जातात, आणि माझ्या मते पूर्ण गणितातली सर्वांत उपयोगी ओळ तीच असते.

लटकलेला भार जमिनीपासून किती उंच आहे याने त्याच्या मोमेंटमध्ये फरक पडत नाही. वजन सरळ खाली जातं, म्हणून आडवं अंतर तेवढं मोजायचं.

४. सोडवलेलं उदाहरण: काउंटरवेट किती?

रुळांवर उभी असलेली टॉवर क्रेन घेऊ. डावं चाक अ, उजवं चाक ब, दोघांमध्ये ४ मीटर. काउंटरवेट सोडून क्रेनचं वजन २४०. त्याचा गुरुत्वमध्य रुळांच्या मध्यरेषेच्या उजवीकडे ०.५ मीटरवर. उचलायचा भार ६०, मध्यरेषेपासून उजवीकडे १४ मीटरवर. काउंटरवेट मध्यरेषेपासून डावीकडे ६ मीटरवर. भार असतानाही आणि नसतानाही क्रेन कलंडू नये, तर काउंटरवेट किती हवं?

मध्यरेषेपासून प्रत्येक चाक २ मीटरवर आहे. त्यावरून तक्ता:

- क्रेन, २४०: ब पासून १.५ डावीकडे, अ पासून २.५ उजवीकडे
- भार, ६०: ब पासून १२ उजवीकडे, अ पासून १६ उजवीकडे
- काउंटरवेट, अज्ञात: ब पासून ८ डावीकडे, अ पासून ४ डावीकडे

*भार असताना, कड ब.* कलंडवणारा मोमेंट: ६० × १२ = ७२०. स्थिर ठेवणारा: २४० × १.५ = ३६०, अधिक ८ × काउंटरवेट. सीमेवर अ-वरची रिअ‍ॅक्शन शून्य, म्हणून ३६० + ८ × काउंटरवेट = ७२०. काउंटरवेट = ४५. यापेक्षा कमी चालणार नाही.

*भार नसताना, कड अ.* आता कलंडवणारं काउंटरवेटच आहे: ४ × काउंटरवेट. स्थिर ठेवणारी क्रेन: २४० × २.५ = ६००. काउंटरवेट = १५०. यापेक्षा जास्त चालणार नाही.

उत्तर: ४५ आणि १५० च्या मध्ये. दोन्ही टोकं म्हणजे ऐन कलंडण्याची सीमा, म्हणून प्रत्यक्षात त्यांच्यापासून दूर राहायचं.

आता याच समीकरणांना उलटं विचारून पाहा, कारण इथे क्रेनचा खरा स्वभाव दिसतो. काउंटरवेट जास्तीत जास्त १५० असू शकतं. तेवढं ठेवलं तर ब भोवती स्थिर ठेवणारा मोमेंट ३६० + १२०० = १५६०, आणि १२ मीटरवरचा सर्वांत मोठा भार १५६० ÷ १२ = १३०. म्हणजे या क्रेनवर, या अंतरावर, १३० च्या पुढच्या भारासाठी एका जागी पक्कं बसवलेलं कुठलंच काउंटरवेट चालणार नाही. भारासकट तोल सांभाळणारं काउंटरवेट भार उतरवताच क्रेनला मागे पाडेल. यातून वाट काढायची तर चाकांमधलं अंतर वाढवावं लागतं किंवा काउंटरवेट पुढेमागे सरकणारं ठेवावं लागतं. 'आणखी वजन लावा' हा उपाय सरसकट का चालत नाही ते या एका आकड्यात कळतं.

५. रिअ‍ॅक्शन काढून ताळा घ्या

काउंटरवेट १०० धरू. भारासह एकूण वजन ४००. ब भोवती मोमेंट: अ-वरची रिअ‍ॅक्शन × ४ = ३६० + ८०० − ७२० = ४४०, म्हणून अ वर ११०. उरलेले २९० ब वर. ताळा अ भोवती: ६०० + ९६० − ४०० = ११६०, भागिले ४ = २९०. जुळलं.

भार नसताना एकूण ३४०. अ भोवती: ६०० − ४०० = २००, म्हणून ब वर ५० आणि अ वर २९०. दोन्ही स्थितींत दोन्ही रिअ‍ॅक्शन धन आहेत, क्रेन उभी आहे.

भार ११० केला तर? अ-वरची रिअ‍ॅक्शन = (११६० − १३२०) ÷ ४ = −४०. इथे 'उणे ४० किलोन्यूटन' असं उत्तर लिहून थांबू नका. रुळाने चाकाला खाली ओढून धरलं असतं तरच हा समतोल राहिला असता, आणि रूळ तसं करू शकत नाही. याचा अर्थ क्रेन आधीच कलंडली आहे आणि समतोलाचं समीकरण तिला लागू नाही.

ताळ्याची आणखी एक पद्धत मला आवडते: सगळ्या वजनांचा एकत्रित गुरुत्वमध्य कुठे पडतो ते पाहा. भारासह तो ब पासून आत ४४० ÷ ४०० = १.१ मीटरवर आहे. दोन चाकांच्या मध्ये आहे तोवर क्रेन उभी. ब वर पोचला की सीमा.

६. बूम तिरका असेल तेव्हा

फिरत्या क्रेनच्या गणितात बहुधा विचारतात: बूम किती खाली आणता येईल? समजा एका वेगळ्या क्रेनवर, भाराच्या बाजूच्या कड ब च्या आत १.५ मीटरवर बूमच्या बुडाची पिन आहे. बूम १८ मीटर लांब, वजन २४, गुरुत्वमध्य मधोमध. भार ३०. बाकीच्या क्रेनचं वजन १८०, ब च्या आत २.५ मीटरवर.

बूमचा आडव्या रेषेशी कोन थीटा धरला तर पिनपासून भाराचं आडवं अंतर १८ कॉस थीटा. ब पासूनचं त्यापेक्षा १.५ ने कमी. बूमच्या गुरुत्वमध्याचं तसंच, ९ कॉस थीटा उणे १.५.

कलंडवणारा: ३० × (१८ कॉस थीटा − १.५) + २४ × (९ कॉस थीटा − १.५) = ७५६ कॉस थीटा − ८१.
स्थिर ठेवणारा: १८० × २.५ = ४५०.

सीमेवर कॉस थीटा = ५३१ ÷ ७५६ = ०.७०२, म्हणून थीटा सुमारे ४५.४ अंश. बूम याच्या खाली आला की क्रेन कलंडेल.

आता एक गोष्ट करून पाहा. बूमचं वजन सोडून द्या. ५४० कॉस थीटा − ४५ = ४५० होतं आणि थीटा २३.६ अंश येतो. अवघ्या २४ किलोन्यूटनच्या बूमने उत्तरात २० अंशांहून जास्त फरक पाडला, आणि चुकलेलं उत्तर धोक्याच्या बाजूला आहे. भाराचा आकडा मोठा दिसतो म्हणून बूम नगण्य धरायचा मोह होतो, तो टाळा.

बूम फार उभा असेल, म्हणजे सुमारे ८०.४ अंशांच्या वर, तर ९ कॉस थीटा १.५ पेक्षा लहान होतं आणि बूमचं वजन कडेच्या आत येऊन क्रेनला स्थिर ठेवू लागतं. समीकरणात चिन्ह आपोआप बदलतं, तुम्ही हाताने बदलायला जाऊ नका.

७. 'सुरक्षा गुणांक' म्हणजे नेमका कुठला?

पहिल्या उदाहरणात काउंटरवेट १०० असताना मोमेंटचं गुणोत्तर ११६० ÷ ७२० = १.६१. कलंडवणारा भार, म्हणजे ज्या भाराला क्रेन ऐन सीमेवर येते तो, ११६० ÷ १२ = ९६.७, आणि ९६.७ ÷ ६० हेही १.६१. दोन्ही सारखे आले, कारण कलंडवणाऱ्या बाजूला फक्त भार होता.

बूमच्या उदाहरणात तसं होत नाही. थीटा ६० अंश घ्या. भाराचा मोमेंट ३० × ७.५ = २२५, बूमचा २४ × ३ = ७२, एकूण २९७. मोमेंटचं गुणोत्तर ४५० ÷ २९७ = १.५२. पण कलंडवणारा भार (४५० − ७२) ÷ ७.५ = ५०.४, आणि त्याचं प्रत्यक्ष भाराशी गुणोत्तर १.६८. दोन व्याख्या, दोन उत्तरं, दोन्ही बरोबर. प्रश्नात कुठली विचारली आहे ते वाचा आणि उत्तरात तसं स्पष्ट लिहा.

प्रत्यक्ष लोड चार्टमध्ये भाराच्या टक्केवारीची भाषा चालते. अमेरिकेच्या एएसएमई बी३०.५ या मानकानुसार स्थैर्याने ठरणारी क्षमता क्रॉलर क्रेनसाठी कलंडवणाऱ्या भाराच्या ७५ टक्क्यांपर्यंत, आणि आउटरिगर पूर्ण पसरलेल्या चाकांच्या क्रेनसाठी ८५ टक्क्यांपर्यंत असते. शिवाय कमी रेडियसवर चार्टमधला आकडा बहुधा कलंडण्यावर ठरतच नाही. बूम किंवा इतर भागांची ताकद आधी संपते. तिथे आपलं समीकरण चार्टपेक्षा मोठा आकडा देईल. तो उचलण्याची परवानगी समजू नका.

८. चार आउटरिगर असतील तर

चार पाट्यांवरच्या चार रिअ‍ॅक्शन फक्त समतोलाच्या समीकरणांनी निघत नाहीत. अज्ञातं जास्त आणि समीकरणं कमी. घाबरू नका. कलंडण्याच्या सीमेवर एका बाजूच्या दोन्ही पाट्या शून्यावर येतात आणि प्रश्न पुन्हा पहिल्या उदाहरणासारखा साधा होतो.

कड म्हणजे शेजारशेजारच्या दोन पाट्या जोडणारी रेषा. पाट्यांचा आयत लांबट असेल तर त्याच्या लांब बाजूवरून कलंडणं सोपं, कारण मध्यापासून ती कड जवळ असते. ६ मीटर बाजूचा चौरस असेल तर मध्यापासून बाजू ३ मीटरवर आणि कोपरा ४.२४ मीटरवर. म्हणून बूम कोपऱ्याकडे वळलेला असताना कलंडण्याआधी अधिक वाव मिळतो, पण त्याच वेळी त्या एका पाटीवर सर्वांत जास्त दाब येतो. जमीन मऊ असेल तर पाटी खचते, क्रेन झुकते, आणि कागदावरचा सुरक्षित आकडा निरुपयोगी होतो.

९. उतार, झटका, वारा

पुस्तकी गणितात जमीन सपाट आणि हवा शांत असते. पुढच्या पातळीच्या प्रश्नांत या तीन गोष्टी येतात.

उतार: बूमचं टोक २० मीटर उंच असेल आणि क्रेन भाराच्या बाजूला ३ अंश झुकली, तर भार सुमारे १ मीटर बाहेर सरकतो. पहिल्या उदाहरणातला ६० चा भार धरला तर सुमारे ६० किलोन्यूटन-मीटर जास्त.

झटका: खाली येणारा भार १ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने थांबवला तर दोरावरचं बल सुमारे १० टक्क्यांनी वाढतं. समीकरणात भाराच्या जागी हा वाढलेला आकडा घाला.

वारा: इथे उंची मोजावी लागते, कारण बल आडवं असतं. पहिल्या उदाहरणात रुळांपासून १२ मीटर उंचीवर ५ चं वाऱ्याचं बल धरा, मोमेंट ६०. चाकांपाशी तेवढीच आडवी रिअ‍ॅक्शन येते, पण ती कडेच्या पातळीवर असल्याने तिचा मोमेंट शून्य. वारा भाराच्या दिशेने वाहिला तर काउंटरवेट किमान (७८० − ३६०) ÷ ८ = ५२.५ हवं. रिकाम्या क्रेनवर उलट दिशेने वाहिला तर कमाल (६०० − ६०) ÷ ४ = १३५. ४५ ते १५० ची मर्यादा दोन्ही टोकांनी आवळली गेली.

लटकलेल्या वस्तूवरचा वाराही मोजायचा. १४ जुलै १९९९ रोजी अमेरिकेत मिलवॉकी इथे मिलर पार्क स्टेडियमच्या छताचा ४०० टनांहून जड भाग उचलताना 'बिग ब्लू' ही प्रचंड क्रेन कोसळली आणि तीन कामगारांचा जीव गेला. त्या रुंद भागावरचा वाऱ्याचा जोर नीट हिशेबात धरलेला नव्हता.

सरावासाठी

पहिलंच उदाहरण घ्या आणि चाकांमधलं अंतर ४ ऐवजी ५ मीटर करा. मध्यरेषेपासूनची अंतरं तीच ठेवा. कडा सरकल्यामुळे तक्त्यातली सहाही अंतरं बदलतील, एकही जुनं वापरू नका. वारा धरू नका. काउंटरवेट किमान २४.७ आणि कमाल २०५.७ आलं तर तुमचा तक्ता बरोबर आहे. वेगळं काही आलं तर आधी अंतरं तपासा, मग चिन्हं.